चिऱ्याची भिंत आणि तीन दांड्या

ज्या कोणी राउटरच्या खोक्यावर 'रेंज : तीनशे फूट' असं छापलं, त्याने आयुष्यात चिऱ्याची भिंत पाहिलेली नाही. किंवा पाहिली होती आणि तरी छापलं. मला दुसरंच जास्त खरं वाटतं. तुझं नाव मला माहीत नाही. खोक्यावर नाव नसतं, फक्त एक हसणारं कुटुंब असतं. आई, बाबा, दोन मुलं, मांडीवर लॅपटॉप आणि मागे भिंतीच्या जागी सगळी काच. त्या काचेच्या घरात तू तीनशे फूट मोजलेस आणि खोकं रत्नागिरीला पाठवून दिलंस.

आमच्या दुकानाच्या माळ्यावर असली खोकी साठत गेली. गिऱ्हाईक राउटर परत आणून काउंटरवर आदळायचं, दुकानाचा मालक शेखरदादा मान वर न करता म्हणायचा, "ठेव वर." प्रत्येक खोक्याबरोबर एक किस्सा वर चढायचा. मी तीन वर्षं त्या दुकानात होते. तीन वर्षांत माळा इतका भरला की पंखा लावला तरी हवा खाली येईना.

आता मित्रमैत्रिणी जमल्या की म्हणतात, "रेवती, तुझे ते वायफायचे किस्से सांग ना." आणि हसायच्या तयारीने बसतात. मी सांगते. शेवटचा तेवढा गाळते.

*

दोन हजार सहा-सातचा सुमार. रत्नागिरीत ब्रॉडबँड नुकतं घराघरांत शिरत होतं. मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि देश बदलायला कुठून सुरुवात करावी या विचारात होते. सुरुवात शेखरदादाच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून झाली.

त्याने मला का घेतलं ते पहिल्याच दिवशी सांगितलं. "आपली निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे बायका. नवरे गल्फला नाहीतर मुंबईला. घरी एकट्या बाईमाणसाकडे मी कारागीर कसा पाठवू? तू जा." माझ्या डिग्रीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

राउटर निवडायची आमच्याकडची पद्धत एकच होती. दांड्या मोजायच्या. अँटेनाला सगळे दांडीच म्हणत. एका दांडीचा स्वस्त, दोन दांड्यांचा बरा, आणि तीन दांड्यांचा आला की गिऱ्हाईक हात पुसून मग खोक्याला हात लावायचं.

एकदा एक गृहस्थ आले. शेजाऱ्याने दोन दांड्यांचा घेतलाय, त्यांना तीन हव्या होत्या. मी विचारलं, "घरात कॉम्प्युटर किती?"

"एक."

"कुठे ठेवलाय?"

"टेलिफोनच्या शेजारी."

मी म्हणाले, "काका, मग तुम्हाला वायरलेस राउटर लागतच नाही. हातभर वायर पुरे. ती मोडेमच्या खोक्यात फुकट येते."

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेखरदादाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही नवीन आहे का?"

तीन दांड्यांचा घेऊन गेले. ते गेल्यावर शेखरदादा म्हणाला, "दांडी वाढली की माणसाचा विश्वास वाढतो. आपण लोकांच्या विश्वासावर बोट ठेवायचं नाही."

त्या दिवसापासून मी परत आलेल्या प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवायला लागले. ठळक अक्षरांत, खरं कारण. 'गरम होतो.' 'पासवर्ड विसरतो.' 'पावसाळ्यात चालत नाही.' आणि खाली 'विकू नये'. शेखरदादा परत आलेले पुसूनबिसून पुन्हा विकायचा, म्हणून. मला वाटायचं, एवढं जरी खरं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

*

सगळीच गिऱ्हाइकं दांड्या मोजत नसत. लोट्याला केमिकल कंपनीत असलेले एक इंजिनीअर आठवड्याला घरी येत. ते प्रिंटआउट घेऊन आले. चौदा पानं. पिवळ्या पेनाने रेघा मारलेल्या.

"हे मॉडेल. शेकडो लोकांनी पाच स्टार दिलेत. मी तीन रविवार वाचतोय."

मला माणूस आवडला. कोणीतरी वाचून आलं होतं. मी विचारलं, "सर, ही शेकडो माणसं राहतात कुठे?"

"अमेरिकेत."

"त्यांची घरं कशाची असतात?"

त्यांनी जरा विचार केला. "लाकडाची. आतल्या भिंती तर पुठ्ठ्यासारख्या."

"आणि तुमचं?"

त्यांनी पानं पुन्हा चाळली. त्यांचं घर मला माहीत होतं. सगळ्यांचं असतं तसंच, चिऱ्याचं. आपला जांभा दगड लाल असतो तो उगाच नाही, पोटात लोखंड घेऊन बसलेला असतो. त्यातून दीड फूट जाडीची भिंत. राउटरची लहर त्या भिंतीत शिरते आणि बाहेर यायचं विसरते.

"पण रेटिंग चांगलं आहे ना," शेवटी ते म्हणाले, आणि मागवलाच.

आठ दिवसांनी परत आले. चौदा पानं काउंटरवर टाकली. "लोक इंटरनेटवर वाट्टेल ते खोटं लिहितात."

"सर, त्यांनी खोटं नाही लिहिलं. त्यांच्या घरी चालत असेल."

"मग काय, माझं घर खोटं?"

चिठ्ठी : 'उत्तम आहे. लाकडाच्या घरासाठी.'

*

इब्राहिमचाचांकडे मी पहिल्यांदा गेले ती पावसाळा संपता संपता. खाडीकाठच्या मोहल्ल्यात, गुलाबी रंगाचं, काटकोनात वळलेलं घर. चाचा तीस वर्षं जहाजावर सुकाणू धरून होते. लकवा आल्यापासून घराच्या मागच्या अंगाला, खिडकीपाशी खाटेवर. मुलगा सलीम कुवेतला. तीन वर्षांत आला नव्हता आणि पुढचं वर्षही कठीण, असं कळवलं होतं. घरात चाचा, हाजराचाची आणि सलीमची बायको शबाना.

एका नातलगाबरोबर सलीमने लॅपटॉप पाठवला होता. टेलिफोनची लाइन पुढच्या खोलीत. चाचांना उचलून पुढे आणणं दोन बायकांना शक्य नव्हतं, म्हणून वायरलेस. लॅपटॉप खाटेवर न्यायचा, चाचांनी मुलाचं तोंड बघायचं. काम एवढंच.

घरात शिरल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, भिंतींवर काहीच नव्हतं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं. घड्याळ कपाटावर उभं. सलीम-शबानाचा लग्नातला फोटो टीव्हीला टेकवलेला.

"खिळा मारत नाय आम्ही," चाची म्हणाल्या. "घर दोगा भावांचा. धाकटा मुंबैला. वाटणी झालेली नाय. तो गेला तेव्हा दोगांनी दारात उभं राहून जबान दिली, वाटणी होईपर्यंत भितीला कोन हात लावणार नाय."

"केव्हाची गोष्ट?"

"बावीस वर्सं झाली."

"आणि रंग?"

"रंग वरनं लागतो गो. खिळा आत जातो."

एका दांडीचा राउटर शेखरदादाने आधीच विकून ठेवला होता. मी जोडला. पुढच्या खोलीतसुद्धा तो दर पाच मिनिटांनी तुटायचा. मागच्या खोलीत तर त्याचं नावही दिसेना. मधे दीड फूट चिरा.

मी म्हणाले, "चाचा, बोटाएवढं भोक पाडू या. वायर आत घेते. कायमचं काम होईल. वरून चुना लावला तर दिसणारसुद्धा नाही."

लकव्याने चाचांचे शब्द जड येत. पण हे शब्द स्पष्ट आले. "दिसायचा सवाल नाय पोरी. जबान दिलेली हाय."

मी दारातून वायर फिरवली. मधला दरवाजा सागवानी, जाड. संध्याकाळी मगरिबची बांग झाली की चाची तो लावून घेतात. तिसऱ्या दिवशी उंबऱ्यावर वायरीचे दोन तुकडे.

चाची म्हणाल्या, "सलीमला सांगितलं वायर लागंल. तो बोलला, अम्मा, वायरलेसमध्ये वायर कशी?"

राउटर परत आणला. चिठ्ठी : 'दर पाच मिनिटांनी तुटतो. विकू नये.' आणि माळ्याच्या अगदी पुढच्या कडेला ठेवला, शेखरदादाला रोज दिसेल असा.

*

मधेच गुरुजींचं सांगते, कारण ते त्याच महिन्यातलं आहे.

परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की आमच्याकडे सगळे धावत पिना उपटतात. एका निवृत्त गुरुजींनीही उपटल्या. टीव्हीची, मिक्सरची, राउटरची. टेलिफोनची तार तेवढी राहू दिली. "फोन कसा काढणार? कोणाचा आला तर?"

फोन कोणाचा आला नाही. वीज आली, त्याच तारेतून, आणि राउटरचं पोट काळं करून गेली.

वॉरंटीच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'बिघाडाचे कारण'. शेखरदादा म्हणाला, "लिही, आपोआप बंद पडला. आणि काळं झालंय ते स्पिरिटने पुसून काढ."

मी नाही पुसलं. मी लिहिलं, 'टेलिफोनच्या तारेतून वीज शिरल्याने जळाला.' कंपनीचं उत्तर आठवड्यात आलं. नैसर्गिक आपत्ती, वॉरंटी लागू नाही.

गुरुजींनी पत्र चष्मा वर करून वाचलं, मग चष्मा खाली घेऊन वाचलं. "पोरी, खरं लिहायला तुला माझाच फॉर्म सापडला?"

मी म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच शाळेत शिकवायचात."

"मी मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं," गुरुजी म्हणाले. "फॉर्मबद्दल कधी काही बोललो नव्हतो."

ते पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. समोरच्या दुकानातून दुसरा राउटर घेतला. तिथला माणूस काय लिहायचं ते बरोबर लिहायचा.

*

चाचांकडे दुसरा राउटर गेला, दोन दांड्यांचा. राउटर चांगला होता, मी स्वतः निवडलेला. दुकानात दोन दिवस चालू ठेवून बघितला, एकदाही तुटला नाही. चाचांच्या घरी पुढच्या खोलीत लॅपटॉपवर सिग्नलच्या पाच काड्या. मधल्या दारात दोन. चाचांच्या खाटेपाशी शून्य.

मग शेखरदादाने तीन दांड्यांचा काढला. त्या महिन्यात कंपनीची स्कीम होती, अमुक इतके तीन दांड्यांचे खपले की डीलरला बँकॉकची ट्रिप. मी म्हणाले, "दादा, भिंत तीच आहे. दांड्या वाढवून काय होणार?"

"तू मुलाशी बोल. तो हो म्हणाला तर देऊ, नाहीतर नको."

सलीमशी मी चाचांच्याच घरून बोलले. पुढच्या खोलीत लॅपटॉपवर आवाज स्वच्छ येत होता, चित्राच्या जागी काळा चौकोन. आवाजात थकवा होता, पण माणूस अदबीने बोलायचा.

"ताई, आवाज येतोय ना? पुरे आहे. अब्बांना फोनवर ऐकू येतं."

"त्यांना ऐकायचं नाहीये, बघायचंय. तुमचा कॅमेरा बंद का?"

"कॅमेरा जरा... खराब आहे."

"मग नवीन घ्या. एवढा समुद्राकाठी फ्लॅट आहे तुमचा, एसी आहे, कॅमेरा नाही?"

फ्लॅटचं मला चाचींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सलीमला कंपनीने एकट्याला फ्लॅट दिलाय, खिडकीतून समुद्र दिसतो. मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं. "फ्लॅट हाय, तरी बायकोला नेत नाय," एवढंच चाचींचं गाऱ्हाणं होतं. ते ऐकू आलं की शबाना चहाचे कप गोळा करायला लागायची, रिकामे नसले तरी.

पलीकडून सलीम पुन्हा तेच म्हणाला, आवाज येतोय ना. माझं डोकं फिरलं. वडील खाटेवर पडलेत, हा मुलगा तोंड दाखवायला कंटाळतोय, आणि मी भिंतीशी झगडतेय. मी म्हणाले, "सलीमभाई, तुमचे अब्बा दर शुक्रवारी दुपारपासून दाढी करून बसतात. शबानाभाभी करून देतात. तुम्हाला सुट्टी असते म्हणून. निदान त्यांनी दाढी कोणासाठी केली ते तरी बघा."

मग तो म्हणाला, "बरं ताई. तुम्ही मशीन लावा. मी कॅमेऱ्याचं बघतो."

मला माझा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोलू.

शबाना दारात उभी होती. मला म्हणाली, "तुम्ही उगीच बोललात." मला वाटलं, नवऱ्याची बाजू घेते आहे.

*

तीन दांड्यांचा बसवला. पुढच्या खोलीत टीव्हीवर, फोटोच्या बाजूला. चाचांच्या खाटेपाशी एक काडी यायची आणि मी लॅपटॉप हलवला की जायची. मी त्या खोलीत लॅपटॉप डोक्यावर धरून, खाटेखाली धरून, कोपऱ्याकोपऱ्यात फिरत होते. चाचा बघत होते.

"ह्या डब्यातनं काय निघतं?" त्यांनी विचारलं.

"लहर असते चाचा. उजेडासारखीच समजा. डोळ्यांना दिसत नाही एवढंच."

"दिवा."

"हां, दिवाच."

चाचा हसले. अर्धंच तोंड हसलं. "दिवा भितीआड लावून ठेवलास, नि जहाजाला बोलतंस दिसत कसा नाय?"

मी लॅपटॉप खाली घेतला.

त्यांनी चालणारा हात उचलून खिडकीबाहेर दाखवलं. घर काटकोनात वळलेलं. त्यांच्या खिडकीतून अंगणापलीकडे पुढच्या खोलीची खिडकी समोर दिसत होती. मधे काही नव्हतं. एक दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे.

मी धावत पुढे गेले, राउटर टीव्हीवरून उचलला आणि त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मागे येऊन लॅपटॉप चाचांच्या खिडकीत ठेवला. पाच काड्या. एक खिळा नाही, एक भोक नाही. बावीस वर्षांची जबान जिथल्या तिथे.

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी माझ्याकडे होती. चौदा पानं इंजिनीअरकडे होती. बँकॉकची ट्रिप शेखरदादाकडे होती. आणि राउटर कुठे ठेवायचा ते लकवा झालेल्या सुकाण्याला कळलं. दुकानात जाऊन सांगितलं तर शेखरदादा म्हणाला, "कुणाला बोलू नकोस. फुकट जागा बदलून काम व्हायला लागलं तर आपण विकायचं काय?"

*

शुक्रवारी चाचींनी मला मुद्दाम बोलावलं. चाचांची दाढी झालेली, नवा कुर्ता, पाठीला दोन उश्या. पावसाची सर आली तर म्हणून राउटरवर चाचींनी प्लॅस्टिकचा डबा उलटा घातलेला. शबाना चहा घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

सलीमचा कॉल आला. आधी काळा चौकोन, मग एकदम माणूस. वाळलेला, हसणारा, डोळ्यांखाली काळं झालेला. पाठीमागे फुलाफुलांचं कापड ताणून लावलेलं.

चाचांनी हात पुढे केला आणि स्क्रीनवर सलीमच्या गालाला बोट लावलं. बोटाचा ठसा काचेवर उमटला. चाची रडायला लागल्या आणि रडता रडता मला म्हणाल्या, "बघ गो, फ्लॅटला परदे पन कसे बेस लावलेन."

चित्र एकदाही अडकलं नाही. मी मनात मिनिटं मोजत होते. पाच झाली, दहा झाली. काचेसारखं स्वच्छ. सलीमच्या बाहीवरचा शिवलेला फाटका भागसुद्धा दिसत होता.

मग पडद्याच्या वरच्या बाजूने एक पाय खाली आला.

अनवाणी, टाचेला भेगा पडलेला पाय. तो हवेत आधार शोधत होता. सलीमने मागे पाहिलं आणि एक हात वर करून घाईघाईने काहीतरी म्हटलं, हिंदीत. पण पाय तोवर कापडावर पडला होता. कापड सुटलं. ती चादर होती.

मागे लोखंडी खाटा. एकावर एक, तीन-तीन. गजांना टॉवेल, पँटी, एक पिशवी लटकवलेली. खालच्या खाटेवर कोणीतरी डोळ्यांवर हात आडवा घेऊन झोपलेलं. खिडकी नव्हती.

चाचींना कळायला वेळ लागला. चाचांना लागला नाही. तीस वर्षं ते असल्याच खाटेवर झोपले होते.

"मित्राच्या रूमवर आलोय अब्बा," सलीम म्हणाला. "माझ्या फ्लॅटवर... आज लाइट नाहीये."

चाचा त्याच्या खांद्यावरून मागे बघत होते.

"वरचा बंक गरम होतो," ते म्हणाले. प्रत्येक शब्द सावकाश. "खालचा मागून घे."

"अब्बा, मित्राची रूम आहे."

"हां. मग मित्राला सांग. खालचा मागून घे म्हनावं."

सलीमने मान खाली घातली. मला वाटलं, आता तुटावं. त्या क्षणी मला खरंच वाटलं की आता कनेक्शन तुटावं. पाचही काड्या होत्या.

मी शबानाकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत नव्हती. ती वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होती.

*

महिन्याभराने शबाना दुकानात आली. एकटी, तीन दांड्यांचं खोकं पिशवीत घालून. खोक्यात राउटर नीट पुसून, वायरी गुंडाळून ठेवलेला. शेखरदादा उठून उभा राहिला.

"बिघडला काय वहिनी?"

"नाय. चांगला चालतो."

"मग?"

तिने मला सांगितलं, त्याला नाही. सलीम आता दर शुक्रवारी बाहेर रस्त्यावर जाऊन बसतो, मागे कोरी भिंत येईल असा. तिथे फार ऊन लागतं. चाचा त्याच्याशी बोलतात, पण नजर त्याच्या मागच्या भिंतीवर असते. फोन ठेवला की दिवसभर जेवत नाहीत. बंद करा म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. चाचाही म्हणत नाहीत, सलीमही म्हणत नाही. दोघेही शुक्रवारी वेळेवर बसतात.

"म्हणजे काय हवंय तुम्हाला?" शेखरदादाने विचारलं. "यापेक्षा भारी माल सध्या आपल्याकडे नाही."

शबानाने मान वर करून माळ्याकडे पाहिलं. खोक्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या ती एकेक करून वाचत गेली. कडेच्या खोक्याशी थांबली. ते तिने ओळखलं.

"ताई, तो द्या," ती म्हणाली. "दर पाच मिनिटांनी तुटतो, विकू नये लिहिलंय तो."